जुन्या फ्लॉपीतलं वऱ्हाड

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं जंक्शन. अकोला आणि बडनेरा यांच्या साधारण मधोमध. इथून एक अरुंद रूळ यवतमाळकडे जायचा आणि दुसरा अचलपूरकडे. दोन्ही मिळून १८९ किलोमीटर. वऱ्हाडातली प्रसिद्ध शकुंतला ती हीच. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ मध्ये इथल्या रुळांवर आलं आणि एप्रिल १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत धावत राहिलं. सत्तर वर्षं एक यंत्र चालतं, ते त्याच्या लोखंडाच्या जोरावर नाही. कुणीतरी रोज त्याला तेल घालतं, गळकी नळी बदलतं, न मिळणारा सुटा भाग इथेच घडवून घेतं, म्हणून ते चालतं.

त्याच मँचेस्टरमध्ये २१ जून १९४८ रोजी आणखी एक यंत्र पहिल्यांदा चाललं. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी विद्यापीठात बनवलेलं हे यंत्र ‘बेबी’ या नावाने ओळखलं जातं. आज्ञावली स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवून ती चालवणारा हा पहिला संगणक. पहिली आज्ञावली १७ ओळींची होती आणि उत्तर यायला ५२ मिनिटं लागली. स्मृती किती? १२८ बाइट. आज तुमच्या फोनमध्ये एक देवनागरी चिन्ह साठवायला बहुतेक वेळा तीन बाइट लागतात. म्हणजे बेबीच्या अख्ख्या स्मृतीत मराठीची ४२ चिन्हं मावली असती. हा परिच्छेद सोडा, त्यातलं एक मध्यम वाक्यही नाही.

आणि याच मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. ‘परम’ महासंगणकाच्या निर्मितीचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर १९४६ साली इथे जन्मले.

या तीन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण गेलं वर्षभर मी महिन्यातला एक रविवार मूर्तिजापूरला घालवतो आणि त्या तिन्ही माझ्या डोक्यात एकत्र फिरत असतात. अमरावती आणि अकोल्याचे आम्ही नऊ जण तिथे जुने संगणक घेऊन बसतो. गटाला नाव नाही, फलक नाही, वर्गणी चहापुरती. दोन्ही शहरांतल्या लोकांना सारखंच अंतर पडावं म्हणून मधलं गाव निवडलं, इतकंच.

पयले बॅटरी काहाड

मी जन्मलो तेव्हा फ्लॉपीचे दिवस संपत आले होते. त्यामुळे गटात मी सगळ्यात लहान. सगळ्यात मोठे काकाजी. त्यांनी अकोल्यात चाळीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. अमरावतीच्या एक ताई पूर्वी कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. एक जण डीटीपीचं काम करायचे, आता त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे.

पहिल्या रविवारी मी एक ३८६ उचलून थेट वायर लावायला निघालो तर काकाजी म्हणाले, “थांब बावा. पयले बॅटरी काहाड. सुरू होते का नाही ते मंग पाहू.”

त्याचं कारण साधं आहे. २८६, ३८६, ४८६ या पिढ्यांच्या मदरबोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक छोटी निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असायची. वीसपंचवीस वर्षांनी ती गळते. त्यातला अल्कलीयुक्त द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. बाहेरून संगणक ठणठणीत दिसतो आणि आतून मेलेला असतो. बॅटरी काढायची, डाग सौम्य व्हिनेगरने पुसायचे, मग अल्कोहोलने स्वच्छ करायचं, तुटलेल्या रेषेवरून बारीक तार ओढायची. यात संगणकाचं शिक्षण कमी आणि हाताचं कसब जास्त लागतं. म्हणून आमच्याकडे बी.ई. झालेल्यापेक्षा रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला मान आहे.

दुसरा नियम फ्लॉपीचा. मिळालेली फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही. आधी उजेडात धरून चकती पाहायची. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात ट्रंकेत ओल धरते. चकतीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले तर ती तशीच फिरवल्यावर वाचणारं हेड खराब होतं, आणि ते हेड मग पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडतं.

उन्हाचा एक फायदाही आहे. जुन्या संगणकांच्या डब्यांचं प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायनं मिसळलेली असत. काळानुसार ते प्लास्टिक पिवळं पडतं. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप लावून ते कडक उन्हात ठेवलं की रंग बराच परत येतो. थंड देशांतले छांदिष्ट यासाठी अतिनील दिवे विकत घेतात. आमच्याकडे एप्रिलमधली गच्ची आहे.

चारशे डॉलरचं खेळणं

असा छंद जगात कुठून आला? त्याची एक ठळक तारीख ५ मार्च १९७५. त्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावात गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची ती पहिली बैठक. निमित्त होतं ‘अल्टेअर ८८००’ नावाच्या संगणकाचं. सुट्या भागांचा संच मागवायचा आणि घरी जोडायचा. ना पडदा, ना कीबोर्ड. पुढे खटके आणि दिवे, आत २५६ बाइट स्मृती. त्या गॅरेजमध्ये स्टीव्ह वॉझ्निअॅकही होते. पुढच्या वर्षी त्यांनी बनवलेला ‘अॅपल १’ याच क्लबातल्या मित्रांना दाखवला गेला. क्लबातले लोक एकमेकांना नकाशे द्यायचे, आज्ञावल्यांच्या प्रती वाटायचे. त्या वाटण्यावर चिडून तरुण बिल गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये छांदिष्टांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं, तेही प्रसिद्ध आहे.

असा क्लब तेव्हा अमरावतीत किंवा अकोल्यात का निघाला नाही? इथे हुशार पोरं नव्हती असं नाही. अमरावतीत सरकारी पॉलिटेक्निक होतं, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. रेडिओ उघडून बघणारी मुलं प्रत्येक गल्लीत होती. पण अल्टेअरच्या संचाची किंमत होती ३९७ डॉलर. डॉलर तेव्हा सव्वाआठ-साडेआठ रुपयांच्या घरात होता. म्हणजे नुसती मूळ किंमत तीन हजार तीनशे रुपयांच्या आसपास. त्यावर जकात वेगळी, आणि मुळात परदेशी चलन मिळायला परवानगी हवी. हौस म्हणून दिल्लीच्या कुठल्या कचेरीने ती परवानगी दिली असती?

देशात संगणक नव्हते असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने देशातच बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६५ मध्ये ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि नरसिंहनच तिचे पहिले अध्यक्ष झाले. पण ते संशोधकांचं आणि मोठ्या संस्थांचं जग होतं. बाकीच्यांसाठी संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारं यंत्र. त्या भीतीला आधारही होता. स्वयंचलनाचा रोजगारावर काय परिणाम होईल हे तपासायला सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समितीच नेमली होती. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली.

दारं किलकिली झाली ती नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने. त्याच सुमारास केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये इंग्लंडचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक पोचवले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस’ची भारतीय आवृत्ती आणली. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून खेळ भरायचा, स्मृती ४८ केबी. होमब्रूच्या जवळ जाणारं आपल्याकडे जे काही होतं ते हेच. तोवर अमेरिकेतल्या छंदाचा उद्योग होऊन दहा वर्षं उलटली होती.

चपला बाहेर काढा

वऱ्हाडात संगणक आला तो छंद म्हणून नाही, कोर्स म्हणून आला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना पहिली आठवण विचारा. यंत्राची नाही, चपलांची निघेल. लॅबबाहेर चपला काढायच्या, कारण आत धूळ चालत नाही. आत वातानुकूलन, मशीनवर कापडी खोळ, दोघातिघांत एक मशीन, घड्याळ लावून वेळ. ताई सांगतात, “पोरं हात लावायले भ्यायचे. मोडलं तं भरून द्या लागन म्हणून.”

ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते तिच्यावर छंद उभा राहत नाही. अल्टेअर जोडणाऱ्या माणसाला त्यातला प्रत्येक डाख माहीत होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला डबा उघडलेला संगणक दिसतच नसे. तो उघडायचा अधिकार इंजिनिअरचा, आणि इंजिनिअर नागपूरहून यायचा.

संगणकाच्या आधी या गावांत टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, तेव्हापासून दहावी-बारावीनंतर टायपिंगची परीक्षा देणं हा नोकरीकडे जाणारा ठरलेला रस्ता. पुढे त्याच इन्स्टिट्यूटच्या एका कोपऱ्यात संगणक आला. मग एमकेसीएलने २००२ मध्ये ‘एमएस-सीआयटी’ सुरू केलं आणि तालुक्यातालुक्यांत केंद्रं उघडली. अनेक घरांत संगणकाशी पहिली ओळख झाली ती या प्रमाणपत्रासाठी. यात वाईट काही नाही. या कोर्सने हजारो मुलामुलींना कामाला लावलं. पण जी वस्तू नोकरीसाठी येते ती नोकरीला निरुपयोगी झाली की जाते. नवीन विंडोज आली, जुना डबा गेला. कुणी जपायचा विचार केला नाही, कारण तो कुणाचा लाडका कधी झालाच नव्हता.

तो डबा जातो कुठे? भंगारात. एका भंगाराच्या दुकानात मी मदरबोर्डांचा ढीग पाहत होतो, तर मालक म्हणाला, “भाऊ, याच्यातलं तांबं न् सोनं काढणारे येतेत. बाकीचं कोणाच्या कामाचं नाही. पाह्यजे तं किलोनं घेऊन जा.” ई-कचऱ्याचे नियम आहेत, २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागूही झाले. नियमांचा हेतू योग्य आहे, या बोर्डांत शिसं असतं आणि ते उघड्यावर जाळणं घातक असतं. पण कचरा म्हणून नोंद होण्याआधी डब्याच्या पोटात काय आहे हे पाहायला कुणी नसतं.

मँचेस्टरच्या लोकांचंही सुरुवातीला असंच झालं होतं. मूळ बेबी प्रयोग संपल्यावर शिल्लक राहिला नाही, त्याचे भाग पुढच्या यंत्रात गेले. पण १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर कन्झर्व्हेशन सोसायटी’ निघाली. तिच्या स्वयंसेवकांनी जुनी छायाचित्रं आणि वह्या गोळा करून, त्या काळचे व्हॉल्व्ह आणि सांगाडे शोधून, बेबीची चालती प्रतिकृती उभी केली. १९९८ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, तिच्यावर पुन्हा आज्ञावली चालली. ज्यांनी मूळ यंत्र घडवलं त्यांच्यातले काही तेव्हा हयात होते आणि शंका विचारता येत होत्या. जुन्या यंत्राचं काम करताना ही वेळ फार महत्त्वाची. बोर्ड आणखी दहा वर्षं टिकेलही, तो वापरणारा माणूस टिकेलच असं नाही.

‘क’ कुठे ठेवायचा?

आमच्या गटात एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. “मशीन कोणतं?” हा नव्हे. “याच्यात आहे काय?” हा. कारण वऱ्हाडात जुन्या संगणकांतला सर्वांत मोठा ऐवज खेळ किंवा प्रोग्रॅम नाहीत. मराठी मजकूर आहे.

नव्वदच्या दशकात खिळे जुळवणारे छापखाने मागे पडले आणि डीटीपी आलं. लग्नपत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकं, कवितासंग्रह, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं संगणकावर टाइप होऊ लागलं. पण संगणक मुळात इंग्रजी जाणणारा. त्याच्यात मराठी बसवायचं कसं?

एक रस्ता शहाणा होता. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये आलं. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे प्रमुख होते मुरंब्याचे भटकर. १९९१ चा ‘परम ८०००’ सगळ्यांना ठाऊक असतो. तो अमेरिकेने महासंगणक देताना घातलेल्या अटींना दिलेलं उत्तर म्हणून शाळेच्या पुस्तकांतही येतो. पण जिल्ह्याच्या गावातल्या माणसाचं आयुष्य बदललं ते त्याच संस्थेच्या जिस्ट कार्डाने. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. अक्षरांना क्रमांक द्यायची प्रमाणित पद्धतही ठरली, तिचं नाव ‘इस्की’. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात ‘क’चा क्रमांक १७९. मराठी, कानडी, बंगाली, सगळ्यांचा ‘क’ एकाच क्रमांकावर. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे.

दुसरा रस्ता जुगाडाचा होता आणि बाजारात तोच चालला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट बनवायचा. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, माणसाला मराठी दिसतं. ‘कृती देव’ फॉन्टमध्ये डी, ई, वाय या कळा ओळीने दाबल्या की ‘कमल’ दिसतं. फाइलमध्ये मात्र डी, ई, वाय हीच अक्षरं असतात. कळांची ही रचना टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या रेमिंग्टनचीच, त्यामुळे टाइपरायटरवर शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी डीटीपीवर बसू शकायचा. ‘कि’ लिहिताना टाइपरायटरवर आधी वेलांटी मारावी लागे, फाइलमध्येही वेलांटी आधी साठली. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची वाटणी निराळी. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा ‘ज’.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली होती आणि तिची देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती पोचायला विंडोज २००० यावं लागलं. त्याच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आज तुम्ही हे वाचताय ते युनिकोडमुळे. पण तोवर दहा-बारा वर्षांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत अडकून बसला होता. फॉन्ट नसेल तर तो मजकूर म्हणजे निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग.

पऱ्हाटीचा ऱ्ह

गेल्या पावसाळ्याआधी गटाकडे एक पत्र्याचा डबा आला. आत अकरा फ्लॉप्या. एक निवृत्त शिक्षक गावोगाव फिरून शेतीतले वऱ्हाडी शब्द गोळा करायचे. कुणाकडून तरी त्यांनी ते टाइप करून घेतले होते. पुस्तक निघायच्या आधीच ते गेले. हस्तलिखित वाळवीने खाल्लं. उरला हा डबा, तो त्यांच्या मुलीने जपला होता. त्या म्हणाल्या, “बाबा म्हणायचे, सगळं यात आहे. यात कसं पाहायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.”

साडेतीन इंची, प्रत्येकी १.४४ एमबी. आम्ही त्या थेट संगणकात घातल्या नाहीत. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारं ‘ग्रीझवीझल’ नावाचं छोटं बोर्ड मिळतं, त्याला जुना ड्राइव्ह जोडला. एकदा वाचताना चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून जुळवता येतो. सात फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. दोन अर्ध्यामुर्ध्या. दोन गेल्या. गेल्या म्हणजे गेल्या, त्यांतले शब्द आता कुठेही नाहीत.

मग फॉन्ट ओळखणं. डीटीपी करणाऱ्या दादांनी नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या रांगेकडे पाहून तो ओळखला. वीस वर्षं हातात असलेली गोष्ट. त्यानंतर एका तयार साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणला. तिफण, डवरा, वखर, सरकी, बोंड, सगळं दिसायला लागलं. टाळ्या झाल्या.

पण कापसाच्या पानावर गडबड होती. कापसाच्या झाडाला वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात. शिक्षकांनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली असणार. आमच्या फाइलमध्ये मात्र सगळीकडे ‘पर्हाटी’. आणि पहिल्याच पानावर, मुखपृष्ठावर, ‘वर्हाड’.

झालं असं की त्या साधनाच्या तक्त्यात मराठीतला अर्धा ‘ऱ’ नव्हताच. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे भेद मराठीचे. साधनाने प्रत्येक अर्धा ‘ऱ’ हा रफार समजून वरच्या मात्रेसारखा पुढच्या अक्षरावर चढवला.

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक ‘वऱ्हाड’, ज्यात नुक्त्याचा ‘ऱ’ आहे. दुसरा ‘वर्‍हाड’, ज्यात साधा ‘र’ आहे आणि त्याच्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वाचताना दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. जिथे शोधणारी व्यवस्था ही जुळवाजुळव करत नाही, तिथे एक टाइप केलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं सापडत नाही. म्हणजे आपल्या प्रांताच्या नावाखाली आपलाच निम्मा मजकूर कदाचित आपल्याला दिसत नाही.

मला या छंदाचा अर्थ इथे कळला. जुनं मशीन चालू करण्यात गंमत आहेच. ३८६ चा पडदा उजळतो तेव्हा नऊ प्रौढ माणसं पोरांसारखी ओरडतात. पण मशीन हे साधन आहे. बोलीचं लेखन मुळात कमी, जे झालं ते हौशी माणसांनी स्वखर्चाने केलं, आणि नेमकं ते अशा दहा-बारा वर्षांत केलं की कागदही टिकला नाही आणि फाइलही उघडत नाही. पुण्यामुंबईच्या मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं छापील प्रतींत ग्रंथालयांत उरतील. तालुक्याच्या स्मरणिकेची प्रत कुठे उरेल?

आम्ही आता दोन कामं करतो. एक, निघालेला प्रत्येक मजकूर नुक्त्याच्या ‘ऱ’ने एकसारखा करतो आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवतो. कारण आपली दुरुस्तीही उद्या कुणाला तपासावीशी वाटेल. दोन, प्रत्येक मशीनसोबत ते वापरणाऱ्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतो. कोणता फॉन्ट, कोणतं सॉफ्टवेअर, फाइलींना नावं कशी द्यायचे. काकाजी त्याला ‘मशीनची कुंडली’ म्हणतात.

तुम्ही अमरावती, अकोल्याचे असा की लातूर, रत्नागिरीचे, घरात एखादी जुनी हार्डडिस्क, फ्लॉपीचा डबा, सीडीचा गठ्ठा असण्याची शक्यता आहे. तो फेकण्याआधी चार गोष्टी करा. त्यावरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा, कारण शाई आधी उडते. कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब. स्वतः चालू करून पाहू नका. आणि ज्याने तो मजकूर टाइप केला किंवा करून घेतला तो माणूस हयात असेल तर आजच विचारा, “कोणता फॉन्ट होता?”

शिक्षकांच्या शब्दसंग्रहाचं मुद्रितशोधन सध्या त्यांची मुलगी करते आहे. पऱ्हाटीची नोंद पूर्ण झाली. तिच्या पुढची नोंद अर्ध्या निघालेल्या फ्लॉपीवर आहे. तिथे शब्द दिसतो, अर्थाच्या जागी रिकामी ओळ. मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या बाजूला जुने शेतकरी अजून आहेत, त्यांना तो विचारायला आम्ही पुढच्या महिन्यापासून जाणार आहोत.